रोबोटिक्सचा वर्ग टेंभुर्णीतच हवा

उन्हाळी सुट्टीत रोबोटिक्स शिकायचं तर छत्रपती संभाजीनगर नाहीतर पुणं गाठावं लागतं, असं आपण गृहीत धरून बसलो आहोत. मुलगा एखादे वेळी जातोही. नववीतली मुलगी जात नाही. राहायचं कुठे, सोबत कोण, इथेच घरातली चर्चा संपते. म्हणून जाफ्राबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावात हा वर्ग गावातच भरला पाहिजे.

आणि तो इथे चांगला भरेल. अंतर मोजणारा साधा अल्ट्रासॉनिक सेन्सर शंभरेक रुपयांना मिळतो. तो ध्वनी सोडतो, प्रतिध्वनी परत यायला लागलेला वेळ मोजतो, त्यावरून प्रोग्राम अंतर काढतो. तयार मिळणाऱ्या बहुतेक प्रोग्राममध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरलेला असतो. तो २० अंश तापमानाचा. मे महिन्यात पारा ४२ वर गेला की हवेतला वेग साधारण ३५७ होतो, आणि एक मीटरवरची भिंत सेन्सरला ९६ सेंटिमीटरवर दिसते. टेप लावून मुलींनी हा फरक पकडावा, कारण शोधावं, प्रोग्राममधला आकडा स्वतः बदलावा. शहरातल्या एसी हॉलमध्ये हा धडा मिळणार नाही!

विकत मिळणाऱ्या कित्येक शिबिरांत तयार किट जोडायचं, गाडी पळवायची, फोटो काढायचा, प्रमाणपत्र घ्यायचं. गाडी अडली की सरच वायर बदलून देतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा निम्मा दिवस ‘हे का चालत नाही’ हे शोधण्यात जातो. नेमकं तेच काम मुलांच्या हातून काढून घेतलं जातं.

गावाच्या कामातून तंत्रज्ञान शिकवण्याचा प्रयोग महाराष्ट्राला नवा नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने २००२ मध्ये तिथे फॅब लॅब उभी राहिली. टेंभुर्णीत सुरुवात कपाशीच्या ठिबकापासून करता येईल: माती सुकली की मोटर सुरू, ओली झाली की बंद. काळ्या मातीत ‘सुकली’ म्हणजे नेमकं किती, हे घरच्या शेतकऱ्याला विचारावं लागेल.

खर्चाचं म्हणाल, तर २०१६ पासूनच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवडलेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान आहे. ज्या शाळांत अशी लॅब आहे, तिथे व्यवस्थापन समितीने ती मे महिन्यात उघडी ठेवायला सांगावं. जिथे नाही, तिथे शाळेची एक खोली पुरे. शादीखाना मागू नका, मे महिन्यात तो लग्नांना लागतो. पाच-सातशे रुपयांचा आर्डुइनो बोर्ड पाच व्होल्टवर चालतो, त्यामुळे वीज गेली तरी मोबाइलच्या पॉवर बँकेवर वर्ग सुरू राहतो. वेळ मकतब सुटल्यानंतरची, ऊन चढण्याआधीची. भाषा मराठी आणि उर्दू. प्रोग्राममधले इंग्रजी शब्द पंधरा-वीसच असतात, ते आठवड्यात पाठ होतात. निम्म्या जागा मुलींच्या, आणि त्यांची नावं आधी लिहायची.