बैलावरची बाई

इनामगावच्या मातीच्या बाईच्या पोटात एक छिद्र आहे. तिला शिर नाही, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. छिद्राचं विचारलं की गप्प होतात.

दौंडहून चौफुला, केडगाव, पारगाव करत भीमा ओलांडली की शिरूर तालुका लागतो. न्हावऱ्याच्या बाजूला, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात इथं उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर ही त्या कामातली मोठी नावं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका घराच्या जमिनीत त्यांना मातीची लंबगोल पेटी मिळाली. पेटीला झाकण होतं. पेटीत एक बाई, झाकणावर दुसरी बाई, सोबत एक बैल. सगळं कच्च्या मातीचं, न भाजलेलं. आतल्या बाईला डोकं आहे. वरचीला नाही. वरचीच्या पोटात छिद्र आहे आणि बैलाच्या पाठीतही. दोन्हींत काडी घातली की बाई बैलावर बसते.

या मांडणीकडे जरा चित्र म्हणून बघावं. बिनशिराची बाई. तिच्या पोटात खुपसलेली काडी. काडीचं दुसरं टोक बैलात. खाली बंद पेटी, पेटीत दुसरी बाई, ती मात्र डोक्यासकट. आंद्रे ब्रेतोंनं १९२४ साली पॅरिसमध्ये अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला. त्यानंतरच्या कुठल्याही अतिवास्तववादी प्रदर्शनात हे शिल्प बिनबोभाट मांडता आलं असतं. आणि मांडलं असतं, तर त्याच्या शेजारी अर्थाची पाटीही लागली असती.

त्या पाटीवर काय असेल, ते न वाचता सांगता येतं. शिर नाही, म्हणजे अहंकाराचा लोप. बैल म्हणजे पौरुष. पेटी म्हणजे गर्भाशय. काडी म्हणजे काय, ते चारचौघांत सांगायचं नसतं. तीन-चार शब्द, त्यांचे तीन-चार अर्थ. बेरीज केली की ‘स्त्रीशक्तीचा आदिम आविष्कार’ तयार. गंमत अशी, की हेच वाक्य शेजारच्या चित्राखालीही चालतं. आणि त्याच्या शेजारच्याही.

पंचांगात स्वप्नफळ दिलेलं असतं, तशी ही रीत आहे. साप दिसला तर हे, पाणी दिसलं तर ते. सापानं पाणी प्यायलं तर काय, याचं उत्तर त्या पानावर नसतं. कल्पनाचित्रात नेमकं तेच घडत असतं. साप आणि पाणी सगळ्यांकडेच असतात. चित्रकार त्या दोघांमध्ये काय घडवतो, ते त्याचं एकट्याचं असतं. कोशातून अर्थ काढणारा दोन्ही वस्तू उचलतो आणि मधली जागा सोडून देतो.

उत्खनन करणाऱ्यांनीही त्या बाईला देवीच म्हटलं. पण आधी छिद्रं जुळवून पाहिली. त्यांच्या निष्कर्षाशी वाद घालता येईल, क्रमाशी नाही. बाई वेगळी आणि बैल वेगळा ठेवला असता, तर एक मातृदेवता आणि एक खेळणं अशी नोंद झाली असती. काडीमुळे तिसरी गोष्ट दिसली, ती दोघांपैकी कुणा एकात नव्हती. बैलावर बसलेली बाई ही कोशाला अडचणीचीच. आपल्याकडे देवी बहुधा सिंहावर किंवा वाघावर बसते. बैल शंकराचा. मग ही कोण? बैल म्हणजे नंदी, नंदी म्हणजे शिव, अशी साखळी लावायला आपला हात लगेच शिवशिवतो. पण इनामगावच्या उकिरड्यांत गुरांची हाडं निघाली आहेत आणि त्यांवर कापल्याच्या खुणा आहेत. बैल त्यांचा कोण होता, हे आपल्या पोळ्यावरून ठरवता येणार नाही.

त्यात पुन्हा पेटीतली बाई. तिला डोकं आहे, म्हणून तिचं नाव कुणी घेत नाही. शिर नाही एवढ्या एका खुणेवरून वरच्या बाईला लज्जागौरी या बिनशिराच्या देवीची पणजी ठरवता येतं. मग आतलीचं काय करायचं? ती सिद्धान्तात बसत नाही. म्हणून ती पेटीतच राहते. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ लिहिलं, तेव्हा मूर्तींच्या जोडीला स्थळं, नावं, विधी, लोकांच्या तोंडच्या कथा हे सगळं गोळा केलं, एकाला दुसरं जोडत नेलं. त्यांचं नाव घेऊन झटपट अर्थ सांगणाऱ्यांनी पुस्तकाचं फक्त मुखपृष्ठ पाहिलेलं असतं.

आदिबंधवाले यावर म्हणतील, की माता ही माणसाच्या मनातच असते, इनामगाव काय आणि युरोप काय. युंगनं तसं म्हटलं. त्याच्या शिष्यानं, एरिक नॉयमाननं, ‘द ग्रेट मदर’ या ग्रंथात जगभरच्या आयांची रांग लावली. रांग बघण्यासारखी आहे, यात शंका नाही. पण रांगेत उभं केलं की प्रत्येकीचं वेगळेपण पहिल्यांदा जातं. ऑस्ट्रियात विलेनडॉर्फला १९०८ साली सापडलेली बाई घ्या. तीही याच रांगेतली. ती चुनखडीच्या दगडाची आहे, जेमतेम अकरा सेंटिमीटरची. तिला डोकं आहे, चेहरा नाही. चेहऱ्याच्या जागी विणल्यासारख्या ओळी गोल फिरवल्या आहेत. कुणीतरी दगडावर बसून त्या ओळी एकेक करून कोरल्या. चेहरा करायचं राहून गेलेलं नाही, तो झाकलेला आहे. इनामगावकरानं डोकंच केलं नाही आणि पोटात छिद्र पाडलं. दोघींना ‘आदिमाता’ म्हणून मोकळं झालं, की या दोन उलट निर्णयांबद्दल बोलायला काही उरत नाही. जो अर्थ सगळ्यांना लागू पडतो, तो या दोघींपैकी एकीलाही लागत नाही.

दालीच्या वितळत्या घड्याळांचंही हेच झालं आहे. १९३१ सालचं ते चित्र २४ बाय ३३ सेंटिमीटरचं. भिंतभर असेल अशी समजूत असते, निघतं वहीच्या जोडपानाएवढं. ‘काळ सापेक्ष आहे’ हा त्याचा अर्थ आता शाळकरी मुलंही सांगतात. दालीनं आइन्स्टाइनचं श्रेय नाकारलं आणि उन्हात मऊ पडलेल्या चीजचं नाव घेतलं. त्याच्याही शब्दावर विसंबायचं कारण नाही, तो माणूस खोड्या काढण्यात तरबेज होता. त्यापेक्षा चित्रातली घड्याळं मोजावीत. ती चार आहेत. तीन मऊ आहेत. एक फांदीवर वाळत घातल्यासारखं, एक कडेवरून ओघळणारं, एक जमिनीवर पडलेल्या चेहरावजा मांसल आकारावर पसरलेलं. चौथं बंद आहे, नारिंगी आहे, घट्ट आहे. त्याला मुंग्या लागल्या आहेत. जे वितळत नाही तेवढ्यालाच मुंग्या लागतात. चित्रातला सगळ्यात अवघड प्रश्न तिथं आहे. अर्थ सांगणारे तीन मऊ घड्याळांवर थांबतात, कारण चौथं त्यांच्या अर्थात बसत नाही.

याच दालीची आणि फ्रॉइडची गाठ लंडनमध्ये जुलै १९३८ मध्ये पडली. फ्रॉइड ८२ वर्षांचा, दाली ३४ चा. जुन्या चित्रांत आपण नेणीव शोधतो, अतिवास्तववाद्यांच्या चित्रांत मात्र जाणीव, अशा आशयाचं काहीतरी फ्रॉइड बोलल्याचं दाली सांगतो. म्हाताऱ्यानं बरोबर ओळखलं होतं. या मंडळींनी फ्रॉइड वाचून प्रतीकं मांडली होती. खण, काठ्या, मुंग्या, सगळं माहीत असून ठेवलेलं. मग आपण ती शोधून काढतो आणि शोध लागल्याचा आनंद मानतो. ठेवणाऱ्यानं दारातच ठेवलेली वस्तू उचलण्याला शोध म्हणत नाहीत.

दालीचा आपल्याशीही एकदा संबंध आला. १९६७ साली एअर इंडियानं त्याच्याकडून रक्षापात्र करवून घेतलं. मोबदल्यात त्यानं हत्तीचं पिल्लू मागितलं आणि कंपनीनं ते पाठवलं. ही हकीगत सगळे चवीनं सांगतात. पात्राकडे कमी जण बघतात. त्यात हंस आहे आणि हत्ती आहे. पात्र उलटं धरलं की हंसाचा हत्ती होतो आणि हत्तीचा हंस. हीच करामत त्यानं १९३७ च्या एका चित्रात केली होती. तिथं तळ्यातल्या हंसांची प्रतिबिंबं हत्तींची पडतात. आता कोश काढा. हंस म्हणजे नीरक्षीरविवेक. हत्ती म्हणजे ऐश्वर्य, फार तर गणपती. दोन्ही अर्थ आपल्या संस्कृतीतले, दोन्ही भारदस्त आणि दोन्ही इथं निरुपयोगी. कारण तिथं हंसही नाही आणि हत्तीही नाही. एक वळण आहे, ते सुलट मान असतं आणि उलट सोंड होतं. जे काय आहे ते त्या वळणात आहे.

मराठीत हे ज्यानं सगळ्यात शांतपणे करून दाखवलं, त्याला आपण जवळजवळ वाचलेलंच नाही. चित्रकार प्रभाकर बरवे नागावचे, जन्म १९३६ चा. वीव्हर्स सर्व्हिस सेंटरच्या नोकरीत बनारसला असताना त्यांची तंत्रकलेशी ओळख झाली. तिथं प्रतीकं तयार मिळतात. बिंदू, त्रिकोण, कमळ, प्रत्येकाचा अर्थ ठरलेला. सुरुवातीच्या चित्रांत त्यांनी ती वापरलीही. पुढं मात्र त्यांच्या कॅनव्हासवर आलं ते घड्याळ, पान, फळ. ज्यांचा अर्थ कुणी ठरवून ठेवलेला नाही अशा वस्तू, सपाट एनॅमल रंगात, एकमेकींपासून अंतर राखून. ते अंतर हाच बरव्यांचा विषय. पान घड्याळाच्या किती जवळ आहे, कुठली कड कुठल्या कडेसारखी दिसते, कुठली सावली कुणाची नाही. मौजेनं १९९० साली त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ काढलं. चित्रकारानं मराठीत इतकं नेमकं लिहिलेलं दुसरं पुस्तक आम्हांला पटकन आठवत नाही. त्यातही तयार अर्थांची यादी मिळत नाही. बरवे १९९५ मध्ये गेले. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कलादालनात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. उद्घाटनाला अमोल पालेकरांना भाषण करताना अडवलं गेलं. बातमी त्याची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण पान आणि घड्याळ यांच्यात काय चाललं आहे, यावर त्या महिन्यात कुणी चार ओळी लिहिल्या असतील तर त्या आमच्या वाचनात आल्या नाहीत.

चित्राचा अर्थ लावूच नये, असं म्हणणारा एक वर्ग आहे. ‘चित्र फक्त अनुभवायचं’, असं तो डोळे मिटून सांगतो. तोही आळसच. डोळे मिटून चित्र दिसत नाही. अर्थ लावावा, जरूर लावावा. पण लावणाऱ्यानं आधी सांगावं, की काय कशाला जोडलं आहे, कशानं जोडलं आहे आणि शेवटी हातात शिल्लक काय राहिलं. चौथं घड्याळ राहिलं का? पेटीतली बाई राहिली का? राहिली असेल तर अर्थ चुकला असं नव्हे, पण तो पुरा झालेला नाही, एवढं तरी कबूल करावं. गावाच्या शिवेवर शेंदूर फासलेला तांदळा असतो. त्याला ना डोकं, ना तोंड. गावातली म्हातारी त्याचं प्रतीक काय, असं विचारत बसत नाही. तो कुणाच्या शेतात आहे, त्याला नैवेद्य कुठल्या घरचा, जत्रेत पहिला मान कुणाचा, हे तिला तोंडपाठ असतं. अर्थ लावण्याची ही रीत कलासमीक्षकांपेक्षा फार मागासलेली आहे, असं वाटत नाही.

कोशाची रीत मात्र आता समीक्षेपुरती राहिलेली नाही. दौंडमध्ये काय आणि पुण्यात काय, नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये सात धावते घोडे असतात. सात म्हणजे सूर्याचे. धावते म्हणजे प्रगती. लगाम नसावा. तोंड घराच्या आत असावं, बाहेर असलं तर लक्ष्मी निघून जाते. दुकानदार हे सगळं मापासकट सांगतो आणि कुठल्या भिंतीला लावायचं तेही सांगतो. घोडे कुठून पळत सुटलेत, मागं पाणी आहे की धूळ, सातांचे अठ्ठावीस पाय भरतात की नाही, हे गिऱ्हाईक बघत नाही. त्याला अर्थ मिळालेला असतो. चित्रकाराचं नाव विचारून बघा. दुकानदार चौकटीची किंमत सांगतो.