कलेची किंमत

चिनी मातीच्या भांड्यांचें संग्रहालय पाहून आलेले आमचे सुशिक्षित गृहस्थ संग्राहक राजांच्या रसिकतेचे गोडवे गातात, आणि ‘कलेपुढें किंमत विचारूं नये’ असेंही वर बजावतात. हें मत आम्हांस साफ अमान्य आहे. जर्मनींतील ड्रेस्डेनचा संग्रहच घ्या. १७१७ सालीं सॅक्सनीचा अधिपति ऑगस्टस यानें प्रशियाच्या राजाकडून चिनी मातीचीं १५१ भांडीं घेतलीं व मोबदल्यांत आपले ६०० घोडेस्वार देऊन टाकले! त्यांतील मोठ्या निळ्या-पांढऱ्या बरण्या आजही त्या स्वारांच्याच नांवानें, ‘ड्रॅगून बरण्या’ म्हणून, ओळखल्या जातात. याच राजाच्या कैदेंत राबणाऱ्या बोटगर नांवाच्या किमयागाराच्या प्रयोगांतून १७१० सालीं माइसेनचा कारखाना उभा राहिला. भांडें तडकेल म्हणून जिवापाड जपावें आणि माणूस मात्र नाण्यासारखा मोजून द्यावा, ही रसिकता कसली? बरण्यांचें सौंदर्य आम्ही नाकारीत नाहीं. पण तें चिनी कुंभारांचें आहे, आणि त्यांचीं नांवें कोणाच्याही तोंडीं नाहींत. वाचकांनीं त्या कपाटापुढें मान लववायचीच असेल, तर त्या अनाम हातांसाठीं लववावी.