मग कोणता कागद चालतो?

मागच्या रविवारी एक बाई मुलाला घेऊन आमच्याकडे आल्या. चार घरची धुणीभांडी करून, वर पतपेढीचे कर्ज काढून त्यांनी मुलाला ‘फायर अँड सेफ्टी’चा डिप्लोमा करवला. मुलगा आता एका ठेकेदाराकडे आहे. मोठमोठ्या इमारतींत आगीच्या अलार्मच्या वायरी ओढतो, स्प्रिंकलरचे पाइप चढवतो. दोन वर्षे झाली, पगार हेल्परचाच. ठेकेदार म्हणतो, तुझा कागद चालत नाही. बाई म्हणाल्या, “भाऊ, मग कोणता कागद चालतो?”

वाचकहो, हा प्रश्न अनेक घरांत असणार.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ सालचा कायदा आहे. इमारतीत यंत्रणा बसवणे ही मालकाची वा वापरणाऱ्याची जबाबदारी. ती नीट बसली असा नमुना ‘अ’चा दाखला, आणि चालू स्थितीत आहे असा नमुना ‘ब’चा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, फक्त परवानाधारक एजन्सीच देऊ शकते. परवाना देतात राज्याचे अग्निशमन सेवा संचालक. म्हणजे शिडीवर चढतो आपला पोरगा आणि सही दुसऱ्याची. पैसा सहीला.

सहीपर्यंत जायचे तर शिक्षण त्या वाटेचे हवे. नागपूरला केंद्र सरकारचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. तेथे बारावी विज्ञाननंतर अग्निशमन अभियांत्रिकीची पदवी घेता येते. मुंबईत सांताक्रूझला राज्याचे प्रशिक्षण केंद्र आहे. तेथील सहा महिन्यांच्या अग्निशामक कोर्सला दहावी लागते, एक वर्षाच्या उपस्थानक अधिकारी कोर्सला पदवी. उंची, वजन, छाती यांचीही मोजणी होते, हे आधीच ध्यानात ठेवावे. ज्याला हे जमत नाही त्याने आयटीआय सोडू नये. अलार्मचे काम मुळात इलेक्ट्रिशियनचे, स्प्रिंकलरचे फिटरचे. दोन्ही ट्रेड दोन वर्षांचे.

खाजगी वर्ग सगळेच फसवे, असे आम्ही म्हणत नाही. पण फी भरण्याआधी मान्यता कोणाची ते लेखी मागा आणि संचालनालयात जाऊन तो कोर्स धरतात का ते विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

हे ज्ञान काही नुसते पोटापाण्याचे नाही. स्प्रिंकलरच्या तोंडाशी लाल रंगाची काचेची कुपी असते, ती ६८ अंश सेल्सिअसला फुटते आणि पाणी सुटते. रंगारी तिच्यावर रंगाचा हात मारतो, आणि जाणता माणूस नसेल तर कोणाला कळतही नाही. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून दहा नवजात बाळे गेली. सरकारी दवाखान्यात कोणाची बाळे असतात, ते आपल्या वाचकांना सांगायला नको.

त्या मुलाला आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. ठेकेदाराकडून अनुभवाचे पत्र घे; कोणत्या इमारतीत, कोणत्या महिन्यात, कोणते काम केले ते तारखांसह त्यात असू दे. आणि इलेक्ट्रिशियन ट्रेडचा अर्ज भर. पत्राचे नाव काढताच ठेकेदाराने तोंड वाकडे केले म्हणे. बाई म्हणाल्या, उद्या मीच जाते त्याच्याकडे.