अमक्याच टांग्यातून यावे

एका दाखल्यासाठी अर्ज करावयास मध्यंतरी मी एका कचेरीचे संकेतस्थळ उघडले, तो ठरावीक एकाच ब्राउझरातून आल्याखेरीज अर्ज दाखल होणार नाही, अशी ताकीद समोर आली. जणू कचेरीत यावयाचे तर अमक्याच गाडीवानाच्या टांग्यातून यावे, पायी येणाऱ्यास मज्जाव.

ब्राउझरास कोणी 'न्याहाळक' असा प्रतिशब्द योजिला आहे. तो फारसा रुळला नाही, परंतु आशय चोख आहे: दूरच्या संगणकावरील मजकूर आणून, त्याची मांडणी करून तो डोळ्यांपुढे ठेवणे हे त्याचे काम, आणि ही मांडणी करणारे जे अंतर्गत यंत्र, त्यास इंजिन म्हणतात. मी वर्षानुवर्षे फायरफॉक्स वापरतो. १९९८ मध्ये नेटस्केप या कंपनीने आपल्या ब्राउझराची मूळ संहिता सर्वांस खुली केली, त्या बीजातून ९ नोव्हेंबर २००४ रोजी त्याची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली; त्या काळी विंडोजसोबत आयता येणारा इंटरनेट एक्सप्लोरर बहुतेक साऱ्या जगाचा मक्तेदार होता. विंडोज, मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइड या चारही मुलखांत फायरफॉक्स एकसारखा नांदतो, घरच्या संगणकावरील वाचनखुणा खिशातल्या फोनवर आणून देतो, जाहिरातींच्या गलक्यातून नुसता लेख वेगळा काढून दाखवितो, पाळत ठेवणाऱ्या हेरांस अटकाव करतो, आणि त्याच्या आज्ञा मराठीतही वाचता येतात.

तथापि त्या ताकिदीवरचा माझा आक्षेप या सोयींसाठी नाही. ऑपेराने २०१३ साली आणि मायक्रोसॉफ्टच्या एजने २०२० साली आपापले इंजिन टाकून गूगलपुरस्कृत क्रोमियमचा आश्रय घेतला; आता मोठी अशी इंजिने तीनच उरली, क्रोमियममधील गूगलचे ब्लिंक, ॲपलचे वेबकिट आणि फायरफॉक्सचे गेको. यांपैकी पहिली दोन धनाढ्य सरदारांची. तिसऱ्याचा पोशिंदा असलेल्या मोझिलाची बहुतांश मिळकत गूगलच्याच शोधकरारातून येते, हा दैवदुर्विलास मी लपवीत नाही. असे असता सरकारी कचेरीनेच एका इंजिनास सनद बहाल करावी, आणि तीही बहुधा केवळ कंत्राटदाराच्या आळसापोटी, हे मला अक्षम्य वाटते. कारण पृष्ठे कशी लिहावीत याचे सर्वमान्य दंडक प्रसिद्ध आहेत आणि ते पाळण्यास वेगळे शुल्क पडत नाही.

कचेऱ्यांच्या अधिकाऱ्यांस इतकीच विनंती, की पुढील निविदेत किमान दोन भिन्न इंजिनांवर संकेतस्थळ तपासून घेण्याची अट घालावी, आणि तोवर ती ताकीद तरी उतरवावी.