सोडून जाण्याचा हक्क

लाखो डॉलर मिळविणाऱ्या खेळाडूंच्या संघटनेशी कामगार चळवळीचा संबंध काय, असा प्रश्न कार्यकर्ते अनेकदा विचारतात. प्रश्न गैर नाही. परंतु शोषण केवळ वेतनाच्या आकड्यावरून मोजता येत नाही. आपले श्रम कोणाला विकावयाचे हे ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, हेही पाहावे लागते. अमेरिकेतील बास्केटबॉलपटू ऑस्कर रॉबर्टसन यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

१९३८ साली टेनेसीत जन्मलेले रॉबर्टसन इंडियानापोलिसच्या कृष्णवर्णीय वस्तीत, गरिबीत वाढले. वर्णभेदी धोरणातून काढलेल्या त्यांच्या क्रिस्पस अ‍ॅटक्स शाळेने १९५५ मध्ये राज्याचे अजिंक्यपद जिंकले, तेव्हा विजयाची मिरवणूक शहराच्या मध्यभागी थांबू न देता कृष्णवर्णीयांच्या वस्तीकडे वळविण्यात आली. पुढे १९६० मध्ये रोम ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळाले आणि त्याच वर्षी ते सिनसिनाटी रॉयल्स संघात व्यावसायिक खेळाडू म्हणून दाखल झाले. १९६१-६२च्या हंगामात त्यांनी दर सामन्यामागे सरासरी ३०.८ गुण, १२.५ रीबाउंड आणि ११.४ असिस्ट अशी कामगिरी केली. तिन्ही बाबतींत दोन आकडी सरासरी राखणे त्यानंतर २०१७ पर्यंत कोणालाही साधले नाही.

एवढ्या कर्तृत्वाच्या माणसाला आपला मालक मात्र निवडता आला नव्हता. परिसरातील महाविद्यालयीन खेळाडूवर स्थानिक संघाचा पहिला हक्क असे. त्या नियमाने ते सिनसिनाटीच्या वाट्याला आले. करार संपला तरी तो पुढे चालविण्याचा अधिकार मालकाकडेच राही. मालक हवे तेव्हा खेळाडूला दुसऱ्या संघास देऊ शके, पण खेळाडूला स्वतःहून जाता येत नसे. अर्थशास्त्रात याला खरेदीदाराची मक्तेदारी म्हणतात. श्रम विकणारे अनेक, घेणारा एकच. मग वेतन कोण ठरविणार हे वेगळे सांगावयास नको.

१९६४च्या जानेवारीत बोस्टन येथे निवडक खेळाडूंचा सामना दूरचित्रवाणीवरून देशभर दाखविला जाणार होता. निवृत्तिवेतनाचे आश्वासन मिळाल्याखेरीज मैदानात उतरणार नाही, असे खेळाडूंनी ऐनवेळी बजावले. मालकांनी धमकावून पाहिले, अखेर नमते घेतले. या खेळाडूंत रॉबर्टसन होते. १९६५ मध्ये ते संघटनेचे अध्यक्ष झाले आणि १९७४ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी ती जबाबदारी सांभाळली.

१९६७ मध्ये दुसरी व्यावसायिक लीग निघाली. खेळाडूंसाठी चढाओढ लागून वेतने वाढू लागताच मालकांनी दोन्ही लीगच्या विलीनीकरणाचा घाट घातला. १९७० मध्ये रॉबर्टसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याविरुद्ध मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. ज्या १८९०च्या शर्मन कायद्याचे हत्यार एके काळी कामगार संघटनांवरच चालविले गेले, तोच कायदा येथे श्रमिकांच्या बाजूने उभा राहिला. त्याच दावेकऱ्याने १९७१ मध्ये मिलवॉकी संघाला अजिंक्यपद मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला, हेही नमूद करावयास हवे. १९७६ मध्ये समझोता झाला. विलीनीकरणाला वाट मिळाली, परंतु करार एकतर्फी लांबविण्याचे कलम गेले आणि संघ बदलण्याचा मार्ग खुला होऊ लागला. तोवर रॉबर्टसन यांना निवृत्त होऊन दोन वर्षे झाली होती; स्वतः जिंकलेला हक्क त्यांना वापरता आला नाही.

या विजयाच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. मिळाले ते बाजारातील स्वातंत्र्य होते, समता नव्हे. त्याचा सर्वाधिक लाभ नामांकित खेळाडूंना झाला आणि १९८४-८५ पासून मालकांनी वेतनखर्चावर नवी कमाल मर्यादाही आणली. प्रेक्षागृह झाडणाऱ्या कामगाराला त्या समझोत्यातून काही मिळाले नाही.

तरीही एक गोष्ट शिल्लक राहते. ज्याला एकट्याने सौदा करून आपले भले करून घेता आले असते, त्याने सर्वांच्या वतीने दाव्याला आपले नाव दिले. आपल्याकडे कायम नोकरीतला कुशल कामगार शेजारच्या कंत्राटी कामगाराच्या लढ्याकडे पाठ फिरवितो, हे चित्र नवे नाही. ज्याच्या शब्दाला मालक वचकतो त्याने आधी पुढे यावे. दुबळ्याने पुढाकार घ्यावा ही अपेक्षाच अन्यायाची आहे.