गोळी मोफत मिळाली, आता दिवस द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, वाशीम
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, वाशीम
मा. कुलगुरू, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, अमरावती

विषय : हिपॅटायटिस सीवर उपचार घेत काम आणि कॉलेज सांभाळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मागण्या

महोदय,

किन्हीराजा आणि भोवतालच्या खेड्यांतून आम्ही कॉलेजला जातो. कॉलेज सुटले की कुणी दुकानात, कुणी ढाब्यावर, कुणी शेतात राबतो. आमच्यातल्या काहींच्या रक्तात हिपॅटायटिस सीचा विषाणू निघाला. हे मागणीपत्र त्यांचे आहे, पण सह्या आम्हा सगळ्यांच्या आहेत. कारण कोण आजारी आहे हे गावाला कळू नये.

आधी सरकारचे ऋण मान्य करतो. २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि या आजाराची तपासणी व औषध सरकारी केंद्रात मोफत झाले. गोळ्यांचे औषध येण्याआधी वर्षानुवर्षे इंटरफेरॉनची इंजेक्शने होती. सहा महिने ते वर्षभर टोचून घ्यायची आणि ताप, अंगदुखी, खचलेले मन सोसायचे. तो उपचार चालू असताना शिकणे आणि कमावणे बहुतेकांना झेपत नसे. या आजारावरची सोफोसबुवीर ही गोळी २०१३ साली अमेरिकेत आली तेव्हा तिथे एका गोळीला सुमारे १,००० डॉलर पडत. तीच गोळी आज मजुराच्या लेकराला फुकट मिळते, ही लहान गोष्ट नाही.

यकृत फारसे खराब झालेले नसेल तर सोफोसबुवीर आणि डॅक्लाटास्वीर ८४ दिवस, रोज एकदा घ्यायचे. शंभरातले नव्वदांहून जास्त रुग्ण पूर्ण बरे होतात. थोडे डोके दुखते, थकवा येतो, पण बहुतेकांना काम करता येते आणि वर्गातही बसता येते. म्हणून आम्ही तीन महिन्यांची रजा मागत नाही. आमचे जातात ते जिल्हा रुग्णालयाच्या खेपांचे दिवस.

तेवढे मोजून दाखवतो. पहिली रक्ततपासणी. मग विषाणूचे प्रमाण पाहणारी दुसरी तपासणी. सोनोग्राफी होऊन औषध सुरू होण्याचा दिवस. पुढे २८ दिवसांची बाटली संपली की नवी बाटली. आणि औषध संपल्यावर १२ आठवड्यांनी शेवटची तपासणी, जिच्यावाचून बरे झालो असे म्हणता येत नाही. सगळे सुरळीत झाले तरी सहा-सात खेपा होतात. सोनोग्राफीची तारीख पुढे गेली की आणखी एक. किन्हीराजाहून मालेगाव, तिथे गाडी बदलून वाशीम, मग केसपेपर, ओपीडीची रांग, औषधाची खिडकी. परत येईतो दिवस मावळतो. त्या दिवसाची मजुरी जाते आणि प्रॅक्टिकलही जाते.

यात हंगाम आला की कोंडी पुरी होते. सोयाबीनची सोंगणी आणि हिवाळी परीक्षेची तयारी एकाच सुमारास येते. वर्षाची फी, पुस्तके, एसटीचा पास हे सारे सोंगणीच्या पैशांतून निघते. आमच्या एका सभासदाने अंतर्गत परीक्षेसाठी बाटली आणायची खेप चुकवली, गोळ्या नऊ दिवस बंद पडल्या. औषध मध्येच तुटले तर उपचार फसण्याची भीती असते आणि मग पुन्हा जास्त लांब, जास्त जड औषध घ्यावे लागू शकते. दुसरी एक मुलगी दुकानात कामाला होती. आजाराचे नाव घ्यायची भीती, म्हणून दरवेळी पोट दुखते असे सांगायची. तिसऱ्या सुट्टीनंतर मालकाने दुसरी मुलगी ठेवली. यातले कुणीही आळशी नव्हते.

म्हणून रुग्णालयाकडे आमची मागणी अशी : उपचार एकदा डॉक्टरांनी सुरू केला की पुढच्या बाटल्या मालेगावच्या ग्रामीण रुग्णालयातून मिळाव्यात. रक्ताचा नमुना तिथेच घ्यावा, नमुन्याने वाशीमला जावे, रुग्णाने नव्हे. प्रकृती ठीक असेल तर डॉक्टरांच्या संमतीने दोन बाटल्या एका खेपेत द्याव्यात.

विद्यापीठाकडे मागणी : ७५ टक्के हजेरीच्या हिशेबात उपचाराचे दिवस हजर धरावेत, चुकलेली अंतर्गत परीक्षा आणि प्रॅक्टिकल पुन्हा घ्यावे. प्रमाणपत्रावर ‘उपचारासाठी उपस्थित’ एवढेच असावे, आजाराचे नाव नको. गाडगे बाबांच्या दशसूत्रीत गरिबाच्या मुलाला शिक्षण आहे आणि रोग्याला औषधोपचारही आहे. त्यांचे नाव लावणाऱ्या विद्यापीठात विद्यार्थ्याला या दोहोंतले एक निवडावे लागू नये.

एचआयव्हीबाधितांच्या गुप्ततेसाठी आणि भेदभावाविरुद्ध २०१७ चा कायदा आहे. तसे संरक्षण आम्हालाही हवे. तोवर जिल्हाधिकाऱ्यांनी कॉलेज, वसतिगृह आणि दुकानदारांना लेखी कळवावे की हा आजार एका ताटात जेवल्याने, हात मिळवल्याने, शेजारी झोपल्याने पसरत नाही. तो रक्तातून पसरतो : वापरलेली सुई, दुसऱ्याचे ब्लेड, जत्रेतले गोंदण. सोंगणीत कंबर धरली की सुई टोचून घेण्याची आपल्याकडे सवय आहे. प्रत्येक वेळी नवी सुई वापरली जाते का, हे आरोग्य विभागाने गावोगाव तपासावे आणि कॉलेजांत ऐच्छिक रक्ततपासणीची शिबिरे घ्यावीत.

आता मजुरीचे. कामगार विमा योजनेत आजारपणात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते, पण दोन-तीन माणसांचे दुकान किंवा शेत तिच्यात बसत नाही. क्षयरोग्याला निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये मिळतात. सिकलसेल आणि डायलिसिसच्या रुग्णांना एसटीत सवलत आहे. आम्ही त्याहून कमीच मागतो : उपचाराच्या खेपांसाठी एसटीचा पास, आणि सात दिवसांची मजुरी, रोजगार हमीच्या दराने.

रुग्णालयाकडच्या आणि विद्यापीठाकडच्या मागण्यांना नवा पैसा फारसा लागत नाही, आदेश लागतो. यंदाची सोंगणी सुरू होण्याआधी तो लेखी काढावा आणि त्याची प्रत आम्हाला द्यावी, ही विनंती.

आपले,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद
काम करून शिकणारे विद्यार्थी,
किन्हीराजा, ता. मालेगाव, जि. वाशीम