हवाबंद डब्याविरुद्ध

हवाबंद डबा ज्याने शोधून काढला त्याच्याशी माझे वैर नाही. पण आमच्या निडीच्या घरात त्या डब्याचा जो पंथ झाला आहे, त्याविरुद्ध कोणीतरी बोलायलाच हवे. बँकेत दिवसभर माझे कोणी ऐकत नाही, तेव्हा इथे बोलतो.

त्याचे झाले असे. बोटीवर नोकरीला असलेला माझा भाचा मे महिन्यात हाँगकाँगहून चहा घेऊन आला. पूड नव्हे, भाकरीएवढी, दगडासारखी, कागदात गुंडाळलेली चकती! वजन ३५७ ग्रॅम. "मामा, हा युनानचा पुअर. कच्चा आहे. दहा वर्षं ठेवा, मग प्या." नावावरून मला तो गरिबांचा चहा वाटला होता, किंमत ऐकली आणि चकती दोन्ही हातांनी धरली. वीस वर्षे लोकांच्या मुदत ठेवींच्या पावत्या लिहिल्या, पण चहाची मुदत ठेव प्रथमच पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी घरी येऊन पाहतो तो ठेव हवाबंद डब्यात, आणि डबा फ्रिजमध्ये, लसणीच्या चटणीला टेकून!

"अहो, पावसाळा तोंडावर आलाय. सर्दावला तर?"

रोजच्या चहापुडीपुरते हिचे म्हणणे सोळा आणे खरे. पुडीला हवा लागली की स्वाद उडाला. पण ही चकती मुरायची असते. दाबलेल्या पानांत थोडा ओलावा असतो, सूक्ष्मजीव असतात. हवेच्या संगतीने त्यांचे काम सरकारी गतीने चालते आणि कडवटपणा वर्षावर्षाने उतरतो. खुद्द चिन्यांनाही एवढा धीर धरवेना, म्हणून १९७३ साली कुनमिंगच्या कारखान्यात पानांचे ओले ढीग लावून काही आठवड्यांत चहा मुरवण्याची रीत निघाली. माझा मात्र कच्चा. त्याला हवा बंद, वर थंडी, म्हणजे खातेच गोठवल्यासारखे!

हे शास्त्र घरात एकाच व्यक्तीला कळले. आई म्हणाली, "चिंच कुणी डब्यात कोंडते का रे? मडक्यात घाल आणि तोंडाला फडकं बांध."

चिंचेचे नाव निघताच ही ओट्याकडे वळली. आईचे खारवलेल्या चिंचेचे मडके गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत 'काळी पडलीय' म्हणून उकिरड्यावर गेले होते. काळी पडावी म्हणूनच ती ठेवलेली होती. आई तेव्हा काही बोलली नाही. पुढे कितीतरी दिवस आमटीत मुकाट्याने आमसूल घालत होती.

आता ठेवायचे कुठे? हा चहा शेजाऱ्याचा वास उचलतो. स्वयंपाकघरात मसाले. माळ्यावर पावसाळ्याच्या बेगमीचे बोंबील आणि सुकट. तिथे दहा वर्षे ठेवला तर चहा चुलीवर न ठेवता कालवणात घालावा लागेल. कपाटात डांबराच्या गोळ्या, देवघरात उदबत्ती. राहता राहिले माझे पुस्तकांचे फडताळ, ज्याकडे आमच्या घरात धूळसुद्धा नाइलाजाने जाते.

रोह्याच्या बाजारातून कोरे मडके आणले. चिंचेचे जुने असते तरी चालले नसते, वास! चकती तिच्याच कागदात ठेवली. मडके जमिनीपासून उंच, बाहेरच्या भिंतीपासून दूर. या चहाला साठ ते सत्तर टक्के दमटपणा मानवतो म्हणतात. आमच्याकडे आषाढात नव्वदीच्या खाली उतरायला हवा तयार नसते. म्हणून पावसाळाभर झाकण, आणि दसऱ्यानंतर नुसते फडके. ऊन अजिबात दाखवायचे नाही. लव आलेली बुरशी दिसली तर मात्र हळहळत न बसता फेकायचे. हवाबंदवाल्यांना माझा विरोध आहे, पण पोटाशी माझे भांडण नाही.

फडताळात सध्या दुसरेही एक मडके आहे. ते तिथे कसे आले हे मी विचारलेले नाही. मे अखेरीस हिने बाजारातून दोन किलो चिंच आणि खडे मीठ आणल्याचे तेवढे पाहिले होते.

दसऱ्याला झाकण काढले. आईने वास घेतला.

"पिकणार कधी म्हणालास?"

"दहा वर्षांनी."

"मला ऐंशीवं चालू आहे. एक तुकडा मोड."

"आई, मुदतीआधी मोडली तर नुकसान होतं."

"होऊ दे," म्हणाली, आणि हिने आधण ठेवले.